त्र्यंबक-ऋचेतील वाळूक : एका आरोग्यमंत्राचा अर्थविचार

घरात दीर्घ दुखण्याचा रुग्ण असला आणि वैद्य-डॉक्टरांच्या मुद्रेवरील आशा ओसरू लागली, की कोल्हापूर-नरसोबावाडीच्या टापूत अजूनही पुरोहितास निरोप जातो व मृत्युंजयजपाचा संकल्प सुटतो. जपाची संख्या बहुधा सव्वा लक्ष. ज्या ऋचेचा हा जप, तिच्या अर्थाविषयी मात्र दोन तट पडलेले आहेत. अनुष्ठान करविणाऱ्याच्या दृष्टीने ती मृत्यू टाळणारी ऋचा होय. प्रवचनकाराच्या दृष्टीने ती मोक्ष मागणारी असून रोगनिवारणासाठी तिचा उपयोग करणे म्हणजे रत्न देऊन काच घेणे होय. दोन्ही पक्ष आपापल्या परीने निष्ठावंत आहेत. परंतु दोहोंनीही ऋचेच्या शब्दांकडे आणि तिच्या जुन्या विनियोगाकडे पुरेसे पाहिलेले नाही. ते पाहिले असता या वादाचे स्वरूपच पालटते. शिवाय प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. जप पूर्ण होऊनही रुग्ण गेला, तर मंत्र विफल झाला की त्याचे मागणेच वेगळे होते, हा प्रश्न ज्या घरात उत्पन्न होतो, तेथे तो पांडित्याचा राहत नाही.

प्रथम एक आश्चर्य नमूद केले पाहिजे. वैदिक वाङ्मयात रोगनिवारक सूक्तांची वाण नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १६३ वे सूक्त डोळे, नाक, कान, मान, आतडी, मांड्या असे एकेक अवयव घेऊन त्यांतून यक्ष्म्याला बाहेर काढते. त्याच मंडलातील ९७ वे सूक्त औषधी वनस्पतींना आळवते. १६१ वे सूक्त तर मृत्यूच्या अगदी जवळ गेलेल्या रुग्णाला परत खेचून आणण्यासाठीच रचलेले आहे. अथर्ववेदात ज्वर, खोकला, कावीळ यांवर स्वतंत्र सूक्ते आहेत. ही सगळी सामग्री बाजूला राहिली आणि ज्या ऋचेत रोगाचे नाव नाही, अवयवाचे नाव नाही, औषधाचेही नाव नाही, ती लोकांनी आरोग्यमंत्र म्हणून उराशी धरली. याचे कारण तिच्यातील एकमेव उपमेत शोधावे लागते.

ही ऋचा ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील ५९ व्या सूक्ताची बारावी व अखेरची ऋचा होय. सूक्त वसिष्ठाचे, मरुतांना उद्देशून; शेवटी एकाएकी मरुतांचा पिता रुद्र येतो. शाकल्याने ज्या सहा ऋचांचा पदपाठ दिलेला नाही, त्यांपैकी ही एक. त्यामुळे ती सूक्ताला मागाहून जोडली गेली असावी, असे अभ्यासक मानतात. पदपाठाच्या या अभावाचा एक परिणाम फार दूरगामी ठरला. ऋचेच्या अंती येणारा संधी कसा सोडवावा, याला ऋग्वेदपरंपरेत अधिकृत निर्णय उरला नाही. ‘मा अमृतात्’ असा विग्रह केला, तर अर्थ होतो : मृत्यूपासून सुटका व्हावी, अमृतापासून नव्हे. सायणाचार्यांनी मात्र तेथे ‘आ’ हा मर्यादावाचक शब्द पाहिला आणि ‘सायुज्यमोक्षापर्यंत’ असा अर्थ लावला. मृत्यू म्हणजे मरण अथवा संसार, हा विकल्पही त्यांचाच. आजच्या प्रवचनांतील मोक्षपर अर्थाची मुळे येथे आहेत. ‘त्र्यंबक’ या शब्दाचेही त्यांनी असेच केले : ब्रह्मा, विष्णू व रुद्र या तिघांचा जनक तो त्र्यंबक. लोकपरंपरेने ‘त्रिनेत्र’ हा अर्थ पसंत केला. शब्दाचा सरळ अवयवार्थ पाहिला तर मात्र त्यात डोळा कोठेच नाही. ‘अंबा’, ‘अंबिका’ म्हणजे आई आहे. ज्या नगरीची अधिष्ठात्री देवताच अंबाबाई या नावाने ओळखली जाते, तेथील वाचकास हे वेगळे सांगण्याचे कारण नाही.

ही अंबिका ऋचेच्या जुन्या विनियोगात प्रत्यक्ष भेटते. चातुर्मास्य यागांतील साकमेध नावाच्या तिसऱ्या पर्वाच्या शेवटी त्रैयंबक होम येतो. शतपथ ब्राह्मणाच्या दुसऱ्या कांडात त्याचे तपशीलवार वर्णन आहे. घरात जितकी माणसे, तितके एकेका खापरीवर भाजलेले पुरोडाश करावयाचे आणि त्यांवर एक अधिक. माणशी एक पुरोडाश हा जन्मलेल्यांना रुद्राच्या तावडीतून सोडविण्यासाठी. अधिकाचा एक हा अद्याप न जन्मलेल्यांसाठी. हे हवन यज्ञशाळेत होत नाही. अग्नीचे कोलीत घेऊन उत्तरेकडे जाऊन चव्हाट्यावर होते, कारण चव्हाटा ही रुद्राची जागा. स्रुचीऐवजी पळसाचे मधले पान वापरावयाचे. अधिकाचा पुरोडाश उंदराने उकरलेल्या मातीत पुरून टाकावयाचा. रुद्राला त्याच्या बहिणीसह, म्हणजे अंबिकेसह, भाग स्वीकारण्याची विनंती करावयाची. ही अंबिका म्हणजे शरद ऋतू असून तिच्या योगे रुद्र प्राण घेतो, असे तैत्तिरीय ब्राह्मण म्हणते. पावसाळा सरताना तापांच्या साथी येतात. संस्कृत परंपरेत शरदाला वैद्यांची आई म्हणण्याची रीत आहे. तेव्हा हा होम अमूर्त अध्यात्माचा नसून ऋतुपालटाच्या आजारांचा आहे, हे उघड आहे.

यानंतर घरची माणसे मांड्यांवर थापा मारीत अग्नीभोवती तीन फेरे डावीकडून व तीन उजवीकडून घालतात आणि त्या वेळी आपली ऋचा म्हणतात. फेऱ्या झाल्यावर उरलेले पुरोडाश वर उडवून झेलावयाचे, दोन टोपल्यांत भरून वेळूच्या दोन टोकांना बांधावयाचे आणि गाईचे तोंड पोहोचणार नाही अशा उंचीवर झाडाला अथवा खुंटाला टांगावयाचे. मग रुद्राला सांगावयाचे, की ही शिदोरी घे आणि मूजवत् पर्वतापलीकडे निघून जा. मरीआईचा गाडा ज्यांनी पाहिला अथवा वडीलधाऱ्यांकडून ऐकला आहे, त्यांना या प्रकाराची ओळख पटण्यास वेळ लागू नये. पटकीच्या साथीत देवीला नैवेद्य दाखवून, गाडा सजवून, तो गावाच्या शिवेपार नेऊन सोडीत. रोग देणाऱ्या देवतेचा धिक्कार न करता तिचा सत्कार करून तिला वाटेला लावणे, ही वृत्ती दोहोंकडे एकच. रुद्र हा रोग पाठविणाराही आहे आणि वैद्यांतील श्रेष्ठ वैद्यही आहे. ऋग्वेदातील गृत्समदाच्या रुद्रसूक्तात हे दोन्ही धागे एकत्र विणलेले दिसतात.

आरोग्यासाठी या ऋचेचा उपयोग ही मागाहून झालेली घसरण होय, हे प्रवचनकारांचे मत एवढ्यानेच बाजूस पडते. उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या विनियोगात ती कुटुंबाच्या, विशेषतः मुलाबाळांच्या रक्षणासाठीच म्हटली जात होती.

परंतु या होमातील खरा महत्त्वाचा भाग याहून वेगळा आहे आणि टीकाकारांनी त्याची उपेक्षाच केली आहे. घरातील उपवर मुलींनीही हे फेरे घालावेत, असे शतपथ सांगते, आणि त्यांच्यासाठी ऋचेचे एक निराळे रूप वाजसनेयी संहितेच्या तिसऱ्या अध्यायात दिलेले आहे. त्यात ‘पुष्टिवर्धन’ हे विशेषण जाऊन तेथे ‘पतिवेदन’, म्हणजे पती मिळवून देणारा, हे विशेषण येते. उर्वारुकाची उपमा जशीच्या तशी राहते. शेवटी ‘मृत्यू’ आणि ‘अमृत’ या शब्दांच्या जागी ‘इतः’ आणि ‘अमुतः’, म्हणजे ‘येथून’ आणि ‘तेथून’, हे शब्द येतात. येथून म्हणजे माहेराहून सुटका व्हावी, तेथून म्हणजे सासरहून होऊ नये. अथर्ववेदाच्या चौदाव्या कांडातील विवाहसूक्तांत हीच ऋचा अर्यमा या देवतेच्या नावाने येते. तेथे ‘सुगंधि’च्या जागी ‘सुबंधु’ आहे आणि निषेधासाठी ‘मा’ऐवजी स्पष्ट ‘न’ वापरलेला आहे.

या पाठांमुळे सायणांच्या विग्रहाचा प्रश्न निकालात निघतो. मुलींच्या ऋचेत ‘सासरपर्यंत सुटका’ असा अर्थ करण्यास जागाच नाही. अथर्ववेदातील ‘न’ने तर ते दारच बंद केले आहे. मूळ ऋचेतील ‘मा’ही निषेधार्थीच घ्यावा लागतो. मुलींचा पाठ मागाहून बेतलेला असेल, असा आक्षेप येऊ शकतो. तसे मानले तरी बिघडत नाही. ज्यांनी तो बेतला, त्यांना मूळ ऋचा कशी कळली होती हे त्यावरून समजते; तात्पर्य, हा पाठ म्हणजे त्या ऋचेवरील सर्वांत जुने भाष्य होय, आणि ते सायणांहून दोन सहस्रकांनी तरी आधीचे आहे.

यातून निघणारा अर्थही ध्यानात घेण्यासारखा आहे. मुलगी सर्व बंध तोडू पाहत नाही. एक बंध सुटावा आणि दुसरा टिकावा, असे ती मागते. त्याच चालीवर मूळ ऋचा मृत्यूशी असलेला बंध सोडावयास सांगते आणि अमृताशी असलेला बंध राखावयास सांगते. ‘सर्व बंधनांतून मुक्ती’ हे वेदान्ताचे परिभाषित ध्येय या शब्दांवर लादणे म्हणजे ऋचेच्या उत्तरार्धाकडे डोळेझाक करणे होय. ती जितकी सुटकेची ऋचा आहे, तितकीच न सुटण्याचीही आहे.

आता उपमेकडे वळावे. उर्वारुक अथवा एर्वारु म्हणजे काकडीच्या कुळातील फळ. सायणांनी ‘कर्कटीफल’ म्हटले आहे. मराठीत त्यासाठी ‘काकडी’ हा शब्द सर्रास वापरला जातो. परंतु तो वाचकाला चकवितो. बाजारात येणारी कोवळी काकडी आपण होऊन वेलापासून सुटत नाही; ती तोडावी लागते. वाळूक अथवा चिबूड यांची गोष्ट वेगळी आहे. फळ पिकत आले की देठ आणि फळ यांच्या सांध्यावर पेशींचा एक दुबळा थर तयार होतो, फळ देठाशी सैल पडते आणि नुसता हात लागताच निराळे होते. शेतकऱ्याला ते झाले हे पाहण्याआधी वासाने कळते. पिकलेल्या चिबडाचा दरवळ वेलीच्या पाल्यातून बांधापर्यंत येतो. ‘सुगंधि’ आणि ‘पुष्टिवर्धन’ ही विशेषणे त्र्यंबकाची आहेत खरी. परंतु ती उच्चारून होतात न होतात तोच हे भरलेले, दरवळणारे फळ समोर येते, आणि देवतेचे गुण फळात उतरल्यासारखे वाटतात. अथर्ववेदातील ‘सुबंधु’ या पाठात ‘बंधन’ शब्दाशी नाद जुळतो, पण हा वास हरवतो. मूळ पाठ कोणता, याचा निकाल यावरून लावता येणार नाही. काव्य म्हणून कोणता सरस, हे सांगता येते.

आणखी एक गोष्ट. आंबा पिकला म्हणजे खाली पडतो. वाळूक आधीपासूनच मातीवर टेकलेले असते. देठ सुटला तरी ते पडत नाही, जेथे होते तेथेच राहते. पतनाची कल्पनाच या उपमेतून वगळलेली आहे. मरणाविषयी बोलताना पडण्याची, तुटण्याची, विझण्याची भाषा सहज येते. ती टाळून ऋषीने मातीवरचे फळ निवडले.

येथे एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. ‘पिकलेले’ हा शब्द ऋचेत कोठेही नाही. भाषांतरकार व निरूपणकार तो आपल्या पदरचा घालतात आणि पुढे त्यावरच सगळे तत्त्वज्ञान उभारतात. मग पक्वतेचा अर्थ निराधार समजावा काय? तसे करण्याचे कारण नाही, कारण येथेही आधार मुलींच्या पाठाचाच मिळतो. माहेरापासून सुटू इच्छिणारी ती मुलगी उपवर झालेली आहे, अजाण पोर नव्हे. सुटण्याची वेळ झालेली असणे, हा अर्थ त्या विनियोगातच अनुस्यूत आहे.

मृत्यूपासून सुटका म्हणजे मग नेमके काय? वैदिक भाषेत ‘अमृत’ हा शब्द केवळ देवांच्या अमरत्वाचा वाचक नाही. पूर्ण आयुष्य भोगणे हेच माणसाचे अमृतत्व, अशा आशयाचे विधान शतपथ ब्राह्मणातच आढळते. त्या दृष्टीने ऋचेतील मागणे असे होते : अकाली मरणाच्या हाती पडू नये आणि पूर्णायुष्यापासून तुटू नये. आयुर्वेदाने हाच भेद आपल्या पद्धतीने केला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात तिसऱ्या अध्यायी गाडीच्या कण्याचा दृष्टान्त आहे. चांगला कणा नीट वापरला तर झिजत झिजत आपल्या प्रमाणाने संपतो. अतिभार, खडबडीत वाट, चाक निखळणे यांमुळे तोच वाटेत मोडतो. पहिला कालमृत्यू, दुसरा अकालमृत्यू. चिकित्सेचा अधिकार दुसऱ्यावर. त्याच संहितेने चिकित्सेचे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे तीन प्रकार सांगितले. मंत्र, बली, होम हे पहिल्यात गेले. औषध व आहार दुसऱ्यात. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. मंत्राच्या नादलहरींनी अमुक रोग अमुक दिवसांत बरा होतो असे सांगणाऱ्या हल्लीच्या पुस्तिकांना ना चरकाचा आधार आहे, ना ऋचेचा. त्यांच्याविषयी अधिक लिहिणे नको.

या अर्थाला पुढील काळात मराठी परंपरेने कितपत जपले, हे पाहण्यास सरस्वती गंगाधराच्या ‘गुरुचरित्रा’इतके उत्तम साधन नाही, आणि त्याचा काही भाग तर कोल्हापूर जिल्ह्याच्या भूमीवरच घडतो. ग्रंथाच्या ३४ व्या अध्यायात रुद्राध्यायाचे माहात्म्य आहे. तैत्तिरीय परंपरेत रुद्राच्या नमकपठणानंतर त्र्यंबक-ऋचाही म्हणण्याचा प्रघात असल्याने आपल्या विषयाशी त्याचा निकटचा संबंध येतो. भद्रसेन राजाच्या अल्पवयीन पुत्राचे मरण काही दिवसांवर आले आहे असे पराशर ऋषी सांगतात. रुद्राभिषेक होतो, मूर्च्छित पडलेल्या मुलावर ते जल शिंपडले जाते आणि तो उठतो. त्याआधीच्या अध्यायांत माहूरच्या गोपीनाथाचा क्षयाने गेलेला तरुण मुलगा गाणगापुरी रुद्राच्या तीर्थानेच सजीव होतो. मृत्युंजयमंत्राशी लोकांनी जोडलेला मार्कंडेय सोळा वर्षांचा. या सर्व कथांत एकही म्हातारा नाही. ज्यांना परत आणावयाचे ते सर्व कोवळे आहेत, वेलीवर अजून धरलेले आहेत. परंपरेने ऋचेचा अर्थ शब्दांत सांगितला नसेल. कथांची निवड करताना मात्र ती तो विसरली नाही.

विसाव्या-एकविसाव्या अध्यायांतील शिरोळच्या स्त्रीची कथा याहूनही बोलकी आहे. तिची मुले जगत नाहीत. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील औदुंबरातळीच्या पादुकांची सेवा केल्यावर झालेला मुलगाही आजाराने जातो. ती प्रेत देण्यास तयार नाही. एक ब्रह्मचारी येऊन तिला देहाच्या नश्वरतेचा उपदेश करतो. उपदेशात खोट काढण्याजोगे काही नाही. कोणत्याही प्रवचनात तो शोभावा. बाई ऐकून घेते आणि म्हणते ते एवढेच, की देवाच्या वचनावर आपण विश्वास ठेवला होता. ती प्रेत घेऊन पादुकांपाशी जाते, तेथे डोके आपटते, देवाशी भांडते. रात्र संपण्यापूर्वी मूल जिवंत होते. मृत्यू अटळ आहे हे तत्त्वज्ञान खरे असले तरी लहान मुलाच्या प्रेतापुढे ते अपुरे आहे, असा निवाडा सरस्वती गंगाधर आईच्या बाजूने देतो. या कथेत मंत्रजप मुळीच नाही, हेही पाहण्याजोगे. तेराव्या अध्यायातील पोटशुळाने जीव देण्यास निघालेल्या ब्राह्मणाच्या कथेतही मंत्र नाही. ज्याला अन्न हेच विष झाले आहे, त्याला पोटभर जेवू घाला, असे श्रीगुरू सांगतात. मंत्राचे माहात्म्य गाणाऱ्या या ग्रंथाने मंत्रावाचूनही माणसे बरी केली आहेत.

आणि ज्याने इतरांची मरणे परतविली, तो नृसिंहसरस्वती स्वतःची वेळ येताच ग्रंथाच्या अखेरच्या भागात पुष्पांच्या आसनावर बसून नदीच्या प्रवाहात निघून जातो. शिष्य शोक करतात. पण कोणी रुद्राभिषेक मांडीत नाही.

नरसोबावाडीच्या परंपरेशी निगडित असलेल्या वासुदेवानंदसरस्वती टेंबेस्वामींचे (१८५४-१९१४) ‘घोरकष्टोद्धरण स्तोत्र’ हे याच प्रवाहातील अलीकडचे रूप होय. त्यात पाप, ताप, व्याधी, आधी, दैन्य, भीती अशी कष्टांची नावेच घेतली आहेत, आणि शेवटी भोग व मोक्ष दोन्ही एका दमात मागितले आहेत. ऋचेने उपमेत झाकून ठेवलेले येथे यादीच्या रूपाने उघडे झाले आहे; भक्ताला त्याची सोय आहे, काव्याची त्यात हानी झाली आहे.

शेवटी व्याकरणातील एका बारकाव्याचा उल्लेख करणे प्राप्त आहे. ऋचेत पूजेचे क्रियापद बहुवचनी आहे, सुटकेचे एकवचनी. आम्ही पूजितो; मी सुटावे. चव्हाट्यावरच्या त्या होमात हा पालट स्वाभाविक होता : फेरा सगळ्या घराचा, पुरोडाश ज्याचा त्याचा. आजच्या अनुष्ठानात स्थिती वेगळी असते. रुग्ण आतल्या खोलीत अंथरुणावर, पुष्कळदा शुद्धीवरही नसतो. ‘मी’ हा शब्द त्याच्या वतीने पुरोहित उच्चारतो. संकल्पात रुग्णाचे नाव व गोत्र घेतले जाते, मंत्रात मात्र बदल होत नाही. मुलींसाठी शब्द पालटणाऱ्या जुन्या याज्ञिकांनी रुग्णासाठी तसे काही केले नाही. त्यामुळे बाहेर बसून जप करणारा आणि ऐकणारा प्रत्येक जण, रुग्णाच्या नावाने का होईना, स्वतःच्याच मरणाविषयी बोलत असतो. नव्वदी ओलांडलेल्या वृद्धाच्या उशाशी हा जप चालतो, तेव्हा घरच्यांना वाटते की आपण त्याला धरून ठेवीत आहो. शब्द मात्र देठ सैल होण्याविषयी बोलत असतात. तोच जप आठ वर्षांच्या मुलाच्या उशाशी चालतो, तेव्हा तेच शब्द वेलीच्या बाजूने उभे राहतात.